सावरमाळची सात माणसं

मोकल सरांचं एक पाऊल सव्वादोन फुटांचं होतं. शाळेत हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण व्हरांड्याची लांबी, मैदानाचा घेर, एसटी स्टँडपासून शाळेचं फाटक, सगळं ते पावलांत सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. पावलं मोजताना मध्ये कुणी बोललेलं मात्र त्यांना खपायचं नाही. नुसता उजवा हात वर करायचे, तळवा समोर, ट्रॅफिक पोलिसासारखा. तरीही बोललंच कुणी, तर मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पनवेलच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी सगळ्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, मिस्टर कुठे असतात ते विचारलं. मोकल सरांनी विचारलं, "कुठल्या नदीच्या?"

मी म्हटलं, "सांगलीची आहे."

"म्हणजे कृष्णा. डावा काठ की उजवा?"

मला सांगता येईना. वीस वर्षं त्या नदीकाठी काढलेली, संक्रांतीला घाटावर गेलेली, पण डावा की उजवा? सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला सातवीत नापास झाल्यासारखं वाटलं. "नदी जिकडे चाललीय तिकडे तोंड करून उभं राहायचं," ते म्हणाले. "सुट्टीत जाल तेव्हा राहा उभ्या." मी खरंच राहिले उभी. आईला वाटलं, पोरीला पनवेलची हवा मानवलेली नाही.

हरिश्चंद्र मोकल, विषय भूगोल. रंगाने काळेसावळे, अंगाने जाड, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि इस्त्रीच्या पँटखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून त्यांची फार चेष्टा व्हायची. त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. घर कोन गावाजवळच्या एका खेड्यात, जात आगरी, वडील भातशेती करणारे. अर्धं शेत एक्स्प्रेसवेखाली गेलं होतं. रस्ता खुला व्हायच्या आधी सरांनी त्यावर जाऊन त्याची रुंदी पावलांनी मोजून ठेवली होती, आणि आपल्या शेताची किती पावलं त्यात गेली तेही. या गोष्टीचं दुःख करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आकडा मात्र पाठ होता.

शाळेत ते शुद्ध बोलायचे. घरचा फोन आला की क्षणात भाषा बदलायची. "आय, मी शालेन हाय. भात लाव तू, मी येतू." फोन ठेवला की पुन्हा "तर विद्यार्थ्यांनो".

पुस्तकात आमचा तालुका अर्ध्या ओळीत उरकलेला असायचा, म्हणून सर वर्ग गच्चीवर न्यायचे. उन्हात उभं करून प्रबळगड कुठला, माथेरान कुठलं, कर्नाळ्याचा सुळका कुठल्या दिशेला, गाढी नदी कुठून वळते, हे बोटाने दाखवायचे आणि दिसतं तसं वहीत काढायला लावायचे. खोडरबर वापरायची बंदी. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काढायचं. "चूक केलीत ना? मग दिसू दे," म्हणायचे. पालकसभेत एका आईने तक्रार केली की मुलाची वही घाण दिसते. सर म्हणाले, "ताई, डोंगर पण काही फार स्वच्छ नसतो."

त्यांची दोन वाक्यं शाळाभर प्रसिद्ध होती. एक, "पायाखालून गेलं ते खरं." दुसरं, "नकाशात नाही, ते सरकारात नाही." दुसऱ्या वाक्यापाशी ते नेहमी जरा थांबायचे. मला वाटायचं, परिणाम साधण्यासाठी.

जनगणनेची ड्यूटी लागली आणि मी कपाळाला हात लावला. घरयादीचं काम मे महिन्यात, म्हणजे माझं सांगलीला जाणं बोंबललं. वर पर्यवेक्षक कोण, तर मोकल सर. आम्ही सहा प्रगणक त्यांच्या हाताखाली. प्रत्येकाने आधी आपल्या गटाचा नजरी नकाशा काढायचा, म्हणजे मोजमाप न करता नुसतं पाहून रस्ते, घरं, देऊळ, विहीर दाखवायची. बाकीचे पर्यवेक्षक म्हणाले, "काढा काहीतरी." आमचे म्हणाले, "चालून काढा." ते माझ्या स्कूटीवर मागे बसायचे. त्यांच्या वजनाने पुढचं चाक हलकं व्हायचं, आणि मागून सूचना यायची, "मॅडम, मीटर बघा, कुठून निघालो ते लक्षात ठेवा."

विचुंब्याच्या नव्या इमारतींमध्ये दारं उघडायची नाहीत. साखळीच्या फटीतून अर्धा चेहरा. "काय विकताय?" माझा चेहरा पडायचा. सर मागून शांतपणे म्हणायचे, "विकत काही नाही, तुम्हाला मोजायला आलोय." कुणी हसायचं, कुणी दार लावायचं. लावलेल्या दारावर सर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, तिसऱ्या दिवशीही. "बंद घर तीनदा बघायचं. नियम आहे." नियम सगळ्यांनाच होता. पाळणारे फक्त हे.

या फिरण्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सर कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत. मे महिन्याचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला, समोर तांब्या आलेला, आणि हे हात जोडून म्हणणार, "नको, आहे माझ्याकडे." खांद्याला लष्करी पद्धतीची पाण्याची बाटली असायची. तीही घराबाहेर पडल्यावरच तोंडाला लावायचे.

शिक्षकखोलीत मी हे बोलले, तर कळलं की सगळ्यांना माहीत आहे. "सोवळं असेल," जोशीबाई म्हणाल्या. "तीन-चार वर्षं झाली. आधी प्यायचे."

मला ते पटलं नाही, पण मन कलुषित व्हायचं ते झालंच. त्यात पनवेलच्या मोहल्ल्यातला प्रसंग घडला. जुबेदाबी नावाच्या बाई, नवरा मस्कतला. मी घरातली माणसं विचारली, त्यांनी स्वतः, सासू आणि दोन मुली सांगितल्या, आणि मग नवऱ्याचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "भाभी, ते इथे राहत नाहीत. त्यांना लिहिता येणार नाही."

"असं कसं सर? घर त्यांचंच हाय ना! दोन साल झाले गेल्याला, पण येणार हायत ना ते!"

"आले की पुढच्या वेळी लिहू. इथे आपण राहणारी माणसं मोजतो."

"मग त्यांना कोण मोजतो? तिकडं मोजतात का आमच्या मानसांना?"

एवढं फटाफट बोलणारा माणूस, नुसता फॉर्मकडे बघत राहिला. बाईंनी रागावूनसुद्धा सरबताचे दोन पेले आणले. मी घेतला. सरांनी हात जोडले. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना मी स्कूटी मुद्दाम खड्ड्यांतून घातली. मागून एवढंच आलं, "मॅडम, गाडीला जपा."

फेब्रुवारीत प्रत्यक्ष माणसं मोजायची होती. त्यासाठी वीस दिवस नेमून दिलेले. आमच्या शाळेच्या वाट्याला शहरातले गट आले होते, चालत जाण्यासारखे. सरांनी तहसील कचेरीत जाऊन स्वतःसाठी एक जादा गट मागून घेतला, सावरमाळ. कर्नाळ्याच्या डोंगरउतारावरची कातकऱ्यांची वाडी. हमरस्ता सोडून तासभर चढ. कुणाला नको असलेला गट मागायला आलेला माणूस कचेरीने पहिल्यांदाच पाहिला असेल. प्रगणक म्हणून त्यांनी माझं नाव दिलं. मला न विचारता! मी भांडले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरात शिरून बोलता. बाकीचे दारातून लिहितात." कौतुक होतं, त्यामुळे भांडण पुढे नेता येईना.

वर पोहोचलो तर वाडी रिकामी. कुडाची घरं, दारांना कुलूप नाही, बहुतेक दारांत एक काटेरी फांदी आडवी टाकलेली. एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या आणि खोकणारा एक म्हातारा, एवढीच जाग. बाकी सगळे वीटभट्टीवर, दिवाळीनंतर गेलेले, पावसाच्या तोंडाशी परतणार. त्या दोघींपैकी थकलेली, पण डोळ्यांनी तल्लख अशी एक होती बुधीबाय. ती आत गेली आणि अॅल्युमिनियमच्या तांब्यात पाणी घेऊन आली. पाणी ओढ्यातल्या खड्ड्यातलं. तो खड्डा आम्ही येताना पाहिला होता, वाडीच्या पार खाली. मी प्यायले. सरांनी हात जोडले.

बुधीबाय म्हणाली, "का रं? मागल्या बारीला प्यालास ना तू. दोन तांबे प्यालास. आता का नको?"

मी सरांकडे पाहिलं. आता मात्र माझा तोल गेला. बाजूला जाऊन मी त्यांना जे जे साठलं होतं ते सगळं ऐकवलं. जुबेदाबींचं सरबत, लोक काय बोलतात ते, आणि हे तुम्हाला शोभत नाही हेसुद्धा. सरांनी मध्ये हात वर केला नाही. माझं संपल्यावर एका दगडावर बसले, बूट झटकले आणि सांगायला लागले.

मागच्या जनगणनेला, दहा वर्षांपूर्वी, सावरमाळ त्यांच्याच गटात होती. तेव्हा ते प्रगणक होते. शेवटचे दिवस, भर दुपारी चढून आले, तर असंच सगळं. दारांना काट्या, ओट्यावर म्हातारी माणसं. कातकरी दाराला काटी लावून जातात, ती परत येणार म्हणून. हे सरांना लहानपणापासून माहीत. म्हणजे घर 'बंद' लिहायला हवं होतं. पण बंद लिहिलं की तीनदा यायचं, माणसं कुठे गेली ते शोधायचं. "मी 'रिकामं' लिहिलं," सर म्हणाले. "रिकाम्या घराला परत जावं लागत नाही. ऊन होतं, दमलो होतो. म्हटलं, कोण बघतंय. या बाईने पाणी दिलं, दोन तांबे प्यालो, आणि वाडीत सात माणसं लिहून खाली उतरलो."

पुढे सहा-सात वर्षांनी त्यांचा एक जुना विद्यार्थी पंचायत समितीत पाणीपुरवठ्याकडे लागला. तो सहज भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, सावरमाळला नळयोजना हवी म्हणून लोक खेटे घालतात, पण नियमात बसत नाही, कागदावर माणसंच सात. सर म्हणाले, "सात कशी असतील? कुणी मोजली?" आणि विचारता विचारताच त्यांना आठवलं.

"ती मुलं, बाया, बाप्ये सगळी होती मॅडम. मी लिहिली नाहीत, म्हणून नव्हती. त्यानंतर कुणाच्या दारात तांब्या आला की घशाखाली उतरत नाही. सोवळं कसलं? आमच्यात कुठलं सोवळं!"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू दे. एक करायचंय. जमेल का बघा."

नियम असा होता की ज्याचं घर इथे आहे आणि त्या वीस दिवसांत जो एक दिवस जरी इथे येऊन राहिला, त्याला इथे मोजायचं. वीसही दिवस बाहेर असला, तर जिथे असेल तिथे. सरांना खोटं लिहायचं नव्हतं. त्यांना माणसं एका दिवसासाठी घरी आणायची होती.

भट्टी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती. मालक काशिनाथ, सरांचाच विद्यार्थी, गळ्यात जाड चेन. सरांना पाहून पाया पडला आणि ऐकल्यावर डोकं खाजवायला लागला.

"सर, तुमी मना भूगोलान नापास केलाव. आता मीच माजी मानसा तुमाला देऊ?"

"मी नाय केला. तू झालास," सर म्हणाले.

काशिनाथ मोठ्याने हसला. पण लगेच हात हलवायला लागला. पेटलेली भट्टी सोडता येत नाही, कच्ची वीट थापायची थांबली तर पुढचं सगळं मागे पडतं. सर त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. भट्टीभोवती एक फेरी मारली, पावलं मोजत. परत येऊन विचारलं, "ही भट्टी कधी उतरवणार?" काशिनाथ म्हणाला, चार दिवसांनी, आणि नवी रचून पेटवायला आणखी दोन. "म्हणजे पेटवायच्या आदल्या दिवशी आग नाही. मग त्या दिवशी सोड."

काशिनाथने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "टेंपो पन माजाच देतू. पन सर, दुसरे दिशी दुपारला मना माजी मानसा परत हवीत."

"मिळतील."

ठरल्या दिवशी संध्याकाळी विटांच्या टेंपोतून सावरमाळ घरी आली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चढलो, तेव्हा दारातल्या काट्या बाजूला पडल्या होत्या, चुलींचा धूर होता, पोरं डोंगरावर पळत होती. मी प्रत्येक घरात शिरले. नाव, वय, कोण कुणाचं. वय कुणालाच ठाऊक नसायचं. सर मदतीला यायचे, "पूर आला तेव्हा हा चालत होता का? एक्स्प्रेसवेचं काम चालू होतं तेव्हा पोटात होती की बाहेर?" असं करत वय निघायचं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझे फॉर्म संपत आले, तेव्हा सरांनी पिशवीतून आणखी काढले. आणले होते, मोजून.

एक घर मात्र अजून काटी लावलेलं होतं. रामा वाघेचं. त्याची बायको बाळंत झाली होती भट्टीवर, म्हणून ती पाच माणसं टेंपोत बसली नव्हती. शेजारणीने त्यांची नावं, वयं, सगळं तोंडपाठ सांगितलं. माझं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं.

"सर, लिहू? सगळं कळलंय. पाच माणसं आहेत, खोटं तर नाही. कोण बघतंय?"

सर म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो होतो."

मी पेन बाजूला केलं आणि 'बंद' लिहिलं. त्या घरी आम्ही आणखी दोनदा गेलो, तासभर चढून, कुणी नाही हे माहीत असताना. मधल्या एका दिवशी सर भट्टीवर गेले आणि तिथल्या प्रगणकाला हाताला धरून रामाच्या खोपीपाशी नेऊन पाच माणसं त्याच्याकडून लिहून घेतली. ओली बाळंतीण, दोन पोरं, तान्हं आणि रामा. माणसं सावरमाळची, पण मोजली गेली भट्टीच्या गावात. सरांना ते लागून राहिलं असणार.

फॉर्म भरून दिले त्या दिवशी त्यांनी मला आपली जुनी वही दाखवली. मागच्या वेळचा सावरमाळचा नजरी नकाशा, जवळजवळ प्रत्येक घराच्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरात 'रिकामं'. त्या प्रत्येक शब्दावर आता एक आडवी रेघ होती, वाचता येईल अशी, आणि शेजारी माणसांची नावं. रामाच्या घराशेजारी नाव नव्हतं. 'भट्टीवर' असं लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात व्यासपीठापासून दारापर्यंत किती पावलं हे सांगून उतरले. मग अधूनमधून फोन, बातमी एकच. सावरमाळचा कागद आता या टेबलावर आहे, आता त्या. नवा आकडा आला तरी योजना काही धावत आली नाही. सर कचेरीत जाऊन बसायचे, वही घेऊन.

नळ आला तेव्हा मला त्यांचाच फोन आला. "मॅडम, येताय का? गाडी आहे ना अजून?" स्कूटी तीच होती. सर मात्र हलके झाले होते. मागे बसल्यावर पुढचं चाक उचललं गेलं नाही, ते मला वळणावर जाणवलं, आणि पुढचा सगळा रस्ता मी खड्डे चुकवत गाडी नेली. पायथ्याशी गाडी लावून आम्ही चढलो. तासाच्या चढाला दोन तास लागले.

कार्यक्रम होऊन गेला होता. खुर्च्या, हार, कुणीतरी कापलेली फीत, सगळं खाली पडलेलं. नळाखाली हंडे लागले होते. बुधीबाय आता ओट्यावरून उठत नव्हती, दिसतही कमी होतं. तिने नातीला हाक मारली. तोच अॅल्युमिनियमचा तांब्या, नळाचं पाणी. नातीने तो आधी माझ्यापुढे धरला. मी सरांकडे बोट केलं.

सरांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. उभ्याने प्यायले, घटाघट, थोडं पाणी शर्टावर सांडलं. रिकामा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "आणखी एक दे गं."

ओट्यावरून बुधीबायने विचारलं, "प्याला का तो?"

"प्यालो, बाय."

"मंग जा आता," ती म्हणाली.

मी हसले आणि मला रडू आलं, दोन्ही एकदमच. सरांनी रुमालाने तोंड पुसलं, पिशवी माझ्याकडे दिली आणि नळापासून रामा वाघेच्या घराकडे चालायला लागले. एक एक पाऊल टाकत, मान खाली. पाऊल आता सव्वादोन फुटांचं राहिलं नव्हतं, फार तर दीड. रामाच्या दारात काटी नव्हती. उंबऱ्यावर एक चार-पाच वर्षांची मुलगी बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

त्यानंतर सर मला भेटले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा मी सांगलीला होते. मला ते आठवतात ते त्या उतारावरचे, पाठमोरे.

"सर," मी मागून हाक मारली, "दमाल. किती झालं?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसता उजवा हात वर केला.